फिरलेला डोळा

कापूस महागला त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात एकच बोलणे सगळ्यांच्या तोंडी होते : अमक्याचे डोळे फिरले. कोणी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, डोळे फिरले. कोणी बायकोला मोठी नथ केली, डोळे फिरले. आमच्या घरी मात्र डोळा खरोखरच फिरायचा.

अमरावतीला कापसाची गाठ बांधताना लोखंडी पट्टी तुटून उडाली आणि आमच्या घरधन्यांचा डावा डोळा गेला. जखम भरल्यावर अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने मुंबईहून काचेचा डोळा आणवून दिला. आतून वाटीसारखा पोकळ, बुबुळ घारे. आमच्या सात पिढ्यांत घारे कोणी नव्हते.

पहिले काही महिने तो नीट बसला. मग खोबण आक्रसली की काय, तो जागा सोडू लागला. शिंक आली की बुबुळ कानाकडे. वाकून बैल सोडले की नुसता पांढरा भाग पुढे. मी म्हणायची, "अवो, डोळा," आणि ते बोटाने सरळ करायचे. संध्याकाळी मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन ठेवणे माझ्याकडे. भांडी झाली की डोळा.

मुलीचे लग्न ठरले तेव्हा चुलत सासूबाईंनी धोशा लावला, "काण्याच्या हातून कन्यादान नोको. दिराले बसवा." मुलगी एकुलती. ह्यांनी ते मनाला लावून घेतले. गावच्या देवीचे चांदीचे डोळे गुरव मेणाने चिकटवत असे. त्याच्याकडून मेण आणून ह्यांनी काचेच्या डोळ्याला कडेने लावले.

"देवीचा डोळा टिकते, तं माहा काहून नाई टिकनार?"

"देवी गाभाऱ्यात बसते. तुमी वैशाखात मांडवात बसान."

ऐकले नाही.

मांडवात वारा नव्हता. ह्यांनी मुलीचा हात हातात घेतला आणि मेण गालावर ओघळले. डोळा सावकाश वळला, पुरता पांढरा झाला. नवरदेवाचा मामा ओरडला, "पाहा पाहा, कापसानं व्याह्याचे डोळे फिरले!" मांडव हसला. चुलत सासूबाई मागून म्हणाल्या, "सांगत होतो ना मी? उठव त्याले."

ते उठायलाच लागले होते. मी उपरणे धरून खाली बसवले.

"काढा तो."

"इथीसा?"

"इथीसाच. द्या माह्या हातात."

पदराने गाल पुसला, फेट्याचा सोगा खोबणीवर ओढून खोचला. मामाला म्हटले, "मामाजी, फिरला तो काचेचा. दुसरा जाग्यावर हाय." भटजींना म्हटले, "चालू द्या." भटजींनाही जेवायची घाई होती, त्यांनी मंत्र उचलला. दिराला कोणी बोलावले नाही.

कन्यादानाच्या हातांवर पाण्याची धार आईने धरायची असते. उजव्या हाताने मी झारी धरली. डाव्या मुठीत डोळा होता, गरम आणि चिकट, आणि तो ठेवायला जागा नव्हती. धार तुटली नाही. कन्यादान ह्यांच्याच हातून झाले.

ती उठताना एकदा तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. एका हातात झारी, दुसऱ्यात डोळा. राहिले ते.

मेणाने खोबण पुढे बरेच दिवस सुजलेली होती. पाण्याने शेकणे माझ्याकडेच आले.