सेल नसलेला रिमोट

साऱ्या यवतमाळात माझ्या तोडीचा कूलर-एसीचा मिस्त्री सापडणार नाही. फक्त माझ्याच घरचा कूलर होळीपासून बंद आहे! सुमन, आमची बायको, परवा टिनाच्या छपराखाली चक्कर येऊन बसली. रोज विचारते, "आपला कवा?" मी म्हणतो, "उद्या." लोकांच्या छतांवर चढून माझे गुडघे गेले, अंगात जीव राहिला नाही. किस्से मात्र कूलरच्या तळाला खार साचावा तसे साचलेत. खरवडले तरी संपत नाहीत.

मारेगावला एका कापडवाल्याकडे दोन कूलर सुरू, तरी गिऱ्हाईक घामाघूम. खिडक्या सगळ्या बंद! म्हटलं, "शेटजी, एक तरी खिडकी उघडा."

"अन् थंडी हवा बाहेर गेली मंग?"

"जाऊ द्या ना बाप्पा! जुनी गेल्याबिगर नवी कशी येईन? तुम्ही तर तिले मुक्कामी ठेवून राह्यले!"

वणीला कोळशाच्या ट्रकवाल्याचं ऑफिस. मालक म्हणे, "एसीत गॅस भरा." मी नुसती जाळी धुतली, तर बादली काळीकुट्ट. ती त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. "गॅस राहू द्या साहेब. एवढ्यात तुमची चूल पेटते!"

एका कचेरीत नोटीस आली, 'वीज वाचवा, एसी चोवीसवर ठेवा.' सगळ्यांना दिसावी म्हणून शिपायानं ती थेट एसीच्या जाळीवरच चिकटवली! हवा अडली, एसी दिवसभर धापा टाकतोय, मीटर पळतोय. मी कागद सोलायला लागलो तर साहेब धावले, "ओ मिस्त्री, शासनाचा कागद हाय तो!"

एका पतसंस्थेत रोजचं भांडण. कॅशियरला गरम होतं, मॅनेजरबाईंना थंडी वाजते. मी एसी चोवीसवर लावला, खरा रिमोट खिशात घातला आणि दोघांना एकमेकांच्या नकळत सेल नसलेला एकेक जुना रिमोट दिला. "आकडा दिसत नाही, पण चालते," असं ठोकून दिलं.

आठ दिवसांनी गेलो. कॅशियर कानाशी येऊन म्हणे, "काका, आता कसं गार वाटते!" बाई हळूच म्हणाल्या, "आता बिलकुल थंडी नाही वाजत."

संध्याकाळी घरी येऊन सुमनला सांगताना हसून हसून माझा खोकला थांबेना. ती डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेली. हसली नाही.

"अवं, उद्या नक्की करतो आपला," मी म्हटलं.

तिनं माझ्या थैलीत हात घातला, तसलाच एक उरलेला रिमोट काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"घ्या. माह्याकडं धरून दाबा. तुमच्या 'उद्या'पेक्षा तरी गार वाटते काय, पाहू!"