रावपुऱ्याच्या चौकीचा बाक

शिमग्याच्या दिवशी धनाजीराव हवालदार चौकीतल्या बाकावर असे काही झोपले, की गल्लीने त्यांना बाकासकट उचलून होळीवर चढवलं आणि कपाळाला कुंकू लागलं तेव्हा कुठे त्यांना जाग आली, असं अख्खा रावपुरा सांगतो. शेजारच्या छाणी गावी पोचेपर्यंत या गोष्टीत एक बैलगाडीही शिरली. सगळं साफ खोटं. बाक होळीवर चढला हे खरं. पण हवालदार तेव्हा त्यावर नव्हते. ते सरकारी हुकूम बजावत होते.

धनाजीरावांचे आजोबा गायकवाडी पागेतले स्वार. नातवापर्यंत घोडा पोचला नाही, तलवार पोचली नाही. पोचला तो पट्टा, दंडुका आणि चौकीतला सागवानी बाक. त्या बाकावर त्यांचा इतका जीव, की पाळी संपली तरी पाठ तिथेच टेकायची. घरची खाट नुसती वाळवणाला.

त्या साली जगदेवराव नावाचे नवे फौजदार आले. शिमग्याच्या सोंगात गल्ली पोलिसांची टर उडवते हे त्यांच्या कानावर गेलेलं. त्यांनी धनाजीरावांना बोलावून बजावलं, "यंदा एकही कागाळी कानावर आली, तर तुम्ही वाघोडियाला." बदली, तीही आडगावी. वाघोडियात ना ओळखीचा पानवाला, ना हक्काची पेरूवाली.

होळीच्या दुपारी ते तरातरा सुभानराव शिंप्याच्या ओसरीवर गेले. सोंगाची तालीम रंगात आली होती. पोटाला उशी बांधून सुभानराव गात होते:

"हवालदार आले, डुलत डुलत गेले,
टोपलीतलं केळं कुणी हो नेले?"

"बंद करा," धनाजीराव म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "आणि केळं कुठलं? केळ्याची साल मागे राहते, सुभानराव. पुरावा. पोलीस पेरू खातो. बियांसकट पोटात, मागे काही नाही."

"बसा की, हवालदारसाहेब. चाल तरी बरी आहे ना?"

बसले. चालणं कसं हवं तेही उठून दाखवलं. परतले तेव्हा चौकीत बाकाची जागा तेवढी उरली होती, चार पायांच्या खुणांसकट.

धावत चौकात गेले. होळीच्या माथ्यावर बाक, पाय वर करून. हळदकुंकूही वाहून झालेलं. होळीला पळवलेलं लाकूड चोरीत धरत नाहीत, आणि एकदा चढलेलं खाली उतरवत नाहीत. उतरवणाऱ्याच्या दारात गल्ली वर्षभर बोंब मारते. हे धनाजीरावांना कोण शिकवणार? पोरवयात त्यांनी स्वतः एका वकिलाचं फाटक पळवलं होतं.

तरी वाघोडिया डोळ्यांपुढे आलं आणि हात बाकाकडे गेला. बायांनी तळवे तोंडापाशी नेले. हात तसाच कपाळाला लागला, नमस्कार झाला.

"कुणी आणला हा?" त्यांनी हळूच विचारलं.

नैवेद्याचं ताट घेऊन त्यांची बायको कौशल्या पुढेच उभी होती. "होळीला कुणी नावं विचारतं का? अहो, घरी खाट आहे. रुंद आहे. कधी पाहिलीत का?" शेजारणी पदरात हसल्या. धनाजीरावांना सगळं कळलं. होळी पेटली, सागवान सावकाश जळलं आणि ते शेवटपर्यंत बघत राहिले.

धुळवडीच्या सकाळी जगदेवराव चौकीत आले आणि बसायला जागा शोधू लागले.

"बाक गेला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तालमीवर पाळत ठेवून होतो, साहेब. संशय यावा असे सगळे माझ्यापुढे गात होते. त्यातल्या एकानेही नेला नाही."

तेवढ्यात बाहेरून सोंग गेलं. पेरूचं कडवं जोरात होतं. जगदेवरावांनी खिशातला हात बाहेर काढला नाही. खिसा मात्र गोल फुगलेला दिसत होता.

"यांना पेरूचं कुणी सांगितलं?" जगदेवरावांनी विचारलं. धनाजीराव पट्टा नीट करू लागले, तसे साहेब म्हणाले, "ते राहू द्या. चोर कोण? नाव सांगा, नाहीतर उद्या वाघोडियाची वाट धरा."

यावर धनाजीराव जे बोलले, त्यानंतर वाघोडियाचं नाव पुन्हा निघालं नाही. फौजदारसाहेबांनाही घर होतं.

"सांगतो, साहेब. पण धरायला तुम्ही स्वतः या. माझं तिच्यापुढे चालत नाही."