मार्लहर्स्टचा तिसरा रूळ

२२ मार्च १९८६ या शनिवारपर्यंत सिरिल एकहर्स्टने तिसऱ्या रुळावर एकतीस पौंड चाळीस पेन्स खर्च केले होते, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती नॉर्मन पिलबीमच्या बोटांबद्दल.

पिलबीम खाटीक होता. लुईस गावात त्याचे दुकान होते. आठवड्यातून एक संध्याकाळ तो रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या क्लबात येई. येण्यापूर्वी तो हात धुतो असे त्याचे म्हणणे होते, पण सिरिलचा त्यावर विश्वास नव्हता. पिलबीम गाडी उचलून ठेवी तेव्हा डब्याच्या काचेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटे. सिरिल तो ठसा मऊ फडक्याने पुसी आणि फडके घरी नेऊन उकळत्या पाण्यात टाकी.

किळस हा सिरिलचा स्वभावच होता. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने चाळीस वर्षे एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिले, आणि तिथे तो स्वतःचा कप कुलपात ठेवत असे. तरुणपणी त्याचे एका मुलीशी लग्न ठरले होते. तिच्या घरी चहाला गेला असताना त्याने चमचा रुमालाने पुसला. तिच्या आईने ते पाहिले. विषय तिथेच संपला. सिरिलला त्याचे वाईट वाटले, पण चमचा खरोखरच तेलकट होता हे तो पुढेही सांगत असे.

या असल्या माणसाने क्लबात सगळ्यांत बारीक काम अंगावर घेतले, यात नवल नाही. क्लबाचा मोठा देखावा म्हणजे मार्लहर्स्ट हॉल्ट या छोट्या स्थानकाची प्रतिकृती. एकेरी मार्ग, एक लाकडी फलाट, फाटक, पलीकडे कुरण. सगळे इतके लहान की चालायच्या दोन रुळांमध्ये नऊ मिलिमीटरचे अंतर. त्यावरून हिरव्या विजेच्या गाड्या धावत, आणि सात वर्षे त्या तिसऱ्या रुळाशिवाय धावल्या. खऱ्या मार्लहर्स्टला गाडीला वीज मिळते ती बाजूने गेलेल्या तिसऱ्या रुळातून. छोट्या गाड्यांना ती चालायच्या रुळांतूनच मिळते, त्यामुळे तिसरा रूळ नुसता शोभेचा, आणि लावायला फार किचकट. म्हणून कुणी लावत नसे.

"वीज कुठून घेते ही गाडी?" सिरिल दर वर्षी सभेत विचारी. "देवाकडून?"

"तू लाव की," पिलबीम म्हणे. "तुला कुणी अडवलंय?"

शेवटी त्याने लावला. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बारीक काडीचे काप केले, प्रत्येक मोहरीच्या दाण्याएवढा. खऱ्या रुळाखाली चिनी मातीच्या बैठका असतात, त्यांच्या जागी हे काप. दर चौथ्या स्लीपरच्या टोकाला एक काप चिकटवायचा, त्यावर जाड दोऱ्याएवढा रूळ बसवायचा. रुळाच्या कडा गंजाच्या रंगाने रंगवायच्या, पण माथा चकचकीत ठेवायचा, कारण तिथे गाडीची वीज घेणारी पट्टी घासत जाते. फाटकाशी रूळ तोडायचा आणि त्याचे टोक खाली उतरते करायचे. दोन हिवाळे गेले.

यामागे सिरिलचे घरगुती कारण होते. त्याचे वडील खऱ्या मार्लहर्स्टला हमाल होते. सिरिल अकरा वर्षांचा असताना त्या मार्गावर वीज आली. वडिलांनी त्याला आणि त्याची मोठी बहीण मेबल हिला हाताला धरून फलाटाच्या कडेपर्यंत नेले आणि म्हणाले, "तो बघा. तो नेहमी पलीकडे असतो. फलाटाच्या बाजूला कधीच नसतो. तुम्ही पडलात तरी त्याच्यावर पडणार नाही, एवढं त्या लोकांनी बघितलंय. पण पलीकडे जायचं नाही." दोघांनी मान डोलावली. वडिलांनी त्यांना दुसऱ्यांदा असे काही समजावल्याचे सिरिलला आठवत नव्हते.

मेबल आता पासष्ट वर्षांची, विधवा, ईस्टबोर्नला राहणारी. भावाचा हा उद्योग तिने कधी पाहिला नव्हता. या वर्षी मात्र प्रदर्शन लुईसच्या एका शाळेत होते, आणि तिने फोनवर सांगितले होते, "तीन वाजता येते. एकदा बघते, म्हणजे तुझं बोलणं तरी थांबेल. पुन्हा काही मी येणार नाही."

तेव्हा सिरिलला मिळणार होती ती ही एकच दुपार.

सकाळी तो शाळेच्या सभागृहात पोचला तेव्हा पिलबीमने देखावा आपल्या मोटारीतून आणून टेबलांवर मांडला होता. सिरिलने ओव्हरकोट काढून घडी घातली, चष्मा पुसला आणि वाकला.

तिसरा रूळ फलाटाच्या बाजूला होता.

वीतभरच. बाकी सगळा जागच्या जागी. पण नेमक्या फलाटासमोर तो पलीकडून अलीकडे, फलाटाच्या लाकडाला लागून आला होता. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची पांढरी बुरशीसारखी साय खडीवर पसरली होती. त्या गोंदात एक मरून रंगाचा लोकरीचा धागा अडकला होता.  एखाद्याच्या पानात दुसऱ्याचा केस निघावा तसे सिरिलला झाले.

पिलबीम मरून स्वेटर घालून टेबलापलीकडे सॉसेज रोल खात होता.

"नॉर्मन."

"बोल."

"रूळ कुणी हलवला?"

"कुठला?"

"इथे तीन आहेत. दोन गाडीखाली असतात. मी तिसऱ्याबद्दल विचारतोय."

"अच्छा, तो." पिलबीमने तोंडातला घास संपवला. त्याच्या हनुवटीवर पापुद्रा चिकटला होता. "काल देखावा मोटारीत चढवताना बाही अडकली. फाटकाशी तुझं ते खाली वळवलेलं टोक आहे ना, त्याच्यात. ओढला गेला. खडीसकट आला."

"आणि तू तो फलाटाच्या बाजूला चिकटवलास."

"पलीकडची खडी निघाली होती. फलाटाकडची शाबूत होती. म्हटलं, सिरिलने सकाळी येऊन उखडलेला बघण्यापेक्षा चिकटवलेला बघू दे. दोन तास घातले मी. बायकोने जेवण दोनदा गरम केलं." तो जरा थांबला. "रूळ तो रूळ, बाबा. इकडून काय नि तिकडून काय."

"सहाशे साठ व्होल्ट."

"कुठे? या तुझ्या शोभेच्या तारेत?"

"फलाटावरून एखाद्याचा पाय घसरला तर तो कशावर पडेल?"

पिलबीमने फलाटाकडे पाहिले. तिथे बॅग घेतलेली एक इवलीशी बाई उभी होती. "तिचा? ती चिकटवलेली आहे. घसरत नाही ती."

सिरिल हसला नाही. त्याने पत्र्याच्या डब्यातून पाते काढले आणि रूळ उचकटायला लागला. टणकन आवाज झाला. फलाटाच्या कडेची एक फळी सोबत आली.

"अरे, दहाला दारं उघडतील," पिलबीम म्हणाला.

"उघडू देत."

"लोकांना दिसणारसुद्धा नाही."

"तीन वाजता माझी बहीण येतेय. तिला दिसेल." सिरिलने वर पाहिले नाही. "ती त्याच फलाटावर वाढली. आमच्या वडिलांनी तिला जे सांगितलं ते खोटं होतं असं तिला इथे बघायला लागलं, तर हे सगळं मी शाळेबाहेरच्या कचऱ्यात टाकीन. तुझ्या सॉसेज रोलसकट."

पिलबीमने उरलेला रोल कागदात गुंडाळून खिशात ठेवला. हे सिरिलला आणखीच घाण वाटले.

अडचण अशी होती की सिरिलकडचा गोंद सावकाश वाळणारा होता. तो वाळायला रात्र लागली असती. झटपट गोंदाचा त्याला तिटकारा होता, आणि पिलबीमची नळी काल संपली होती.

"आणतो," पिलबीम म्हणाला. "पैशाचं नंतर बघू."

तो परत आला तोवर दारे उघडली होती आणि लोक आत येत होते. सिरिलने खडी साफ करून नवी पसरली होती. बारा बैठका लागणार होत्या. पाच वाचल्या होत्या, सात त्याने नव्या कापल्या. पण रूळ चिमट्यात धरून बैठकांवर उतरवायची वेळ आली आणि त्याचा हात थरथरायला लागला. रागाने असेल, वयाने असेल. त्याने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा रूळ निसटून खडीत पडला.

"मी धरतो," पिलबीम म्हणाला.

सिरिलने त्याच्या हातांकडे पाहिले.

"धुतो," पिलबीम म्हणाला.

तो धुऊन आला. सिरिलने बोटे पाहिली, नखे पाहिली. "पुन्हा."

"शाळेतल्या मास्तरासारखा वागतोयस."

"साबण लाव यावेळी."

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा बोटे लाल झाली होती. त्यांना शाळेच्या साबणाचा वास येत होता, म्हणजे काम भागण्यासारखे होते. तीस वर्षे सुरी चालवलेला तो हात जरासुद्धा हलला नाही. सिरिल गोंदाचे टिपूस ठेवी, पिलबीम रूळ टेकवी, दोघे श्वास रोखून धरीत आणि पुढच्या बैठकीकडे जात. बघायला आलेल्या एका म्हाताऱ्याने "गाडी कधी सुटणार?" असे विचारले, तेव्हा पिलबीम म्हणाला, "रुळाचं काम चालू आहे साहेब. खऱ्या रेल्वेत तर तुम्हाला कारणही कुणी सांगणार नाही."

शेवटचे उतरते टोक पिलबीमने एकट्यानेच बसवले, कारण सिरिलला चष्म्यावरचा घाम पुसायचा होता. ते किंचित वाकडे बसले. सिरिलला ते लगेच दिसले. पिलबीमला दिसले नाही. तो दोन पावले मागे जाऊन म्हणाला, "झक्कास."

सिरिलने पाते उचलले. पिलबीमच्या बोटाच्या टोकाला गोंदाने कातडे ओरबाडले गेले होते, आणि तो ते तोंडात घालून चोखत होता. ते बघवत नव्हते. सिरिलने पाते डब्यात ठेवले.

मेबल तीनला आली. पर्समध्ये तिने स्वतःचा कप आणला होता, कारण शाळेतले कप कोण कसे धुतो हे सांगता येत नाही. तिने पिलबीमशी हात मिळवला, मग हातमोजा काढून घडी करून ठेवला. मग ती वाकली. हिरवी गाडी आली, फलाटाला लागली, निघून गेली. मेबल वाकलेलीच होती.

"पलीकडेच आहे," ती म्हणाली.

"हो."

"बाबांनी कडेला उभं केलं होतं तिथेच आता ती बॅगवाली बाई उभी आहे."

"मुद्दामच उभी केली मी तिथे."

तिने रुळावरून नजर फाटकापर्यंत नेली. मग तिने बोट केले, पण टेकवले नाही. "ते फाटकाजवळचं टोक वाकडं आहे, सिरिल."

पिलबीम टेबलापलीकडून पुढे आला. तो काही बोलणार तोच सिरिल म्हणाला, "माझ्याकडून झालं ते. सकाळी घाई होती."

"तुझ्याकडून?" मेबलने त्याच्याकडे असे पाहिले की जणू त्याने नाक बाहीला पुसले. "वय झालं तुझं."

मग ती चहा घ्यायला गेली, आपल्या कपातून. परत येऊन तिने तीन गाड्या जाताना पाहिल्या. निघताना म्हणाली, "पुढच्या वर्षी कुठे आहे?"

"हेल्शमला."

"तोवर ते टोक सरळ कर."

त्याने ते केले नाही. दर आठवड्याला देखावा उघडला की त्याची नजर आधी तिथेच जाते. पिलबीम अजूनही काचेवर ठसे ठेवतो, सिरिल अजूनही फडके उकळतो.

गोंदाच्या नळीचे पंचाण्णव पेन्स सिरिलने पिलबीमला अजून दिलेले नाहीत.