अक्षरं न वाढणारं पान

ऑफिसात तिला सगळे बोटवाल्या बाई म्हणत. ॲप लोकांच्या हाती पडण्याआधी त्यातल्या चुका हुडकणं हे तिचं काम, आणि खोड अशी, की स्क्रीन दिसली की तिच्यावर बोट दाबून धरायचं. मजकूर निवडला गेला, की म्हणायची, "हा आपला नाही, भाडेकरू आहे." म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवरचं पान ॲपमध्ये चौकट करून बसवलेलं. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. हिला मात्र ती चौकट सापडल्याशिवाय चैन पडायचं नाही. नसत्या चौकशा, दुसरं काय.

वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. कोणते थेंब कधी घालायचे, ते तिच्याच ॲपमध्ये, दवाखान्याच्या पानावर होतं. वडिलांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली. कुणी वाचून दाखवलेलं त्यांना खपत नसे. फोनची अक्षरं त्यांनी बोराएवढी करून घेतली होती. तरी तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक.

"बाबा, थेंब कितीदा घातलेत?"

"दोनदा. तीनदाही असेल." ते भिंतीकडे बघत होते. "ते पान दिसत नाही गं. अंदाजानं घालतो."

डॉक्टरांना फोन केल्यावर तिनं बाबांना थेंबांचा तक्ता वाचून दाखवला, आणि त्यांनी तो मुकाट ऐकून घेतला. हे तिला जास्त लागलं. पण स्वभाव कुठे जातो? ॲपची बाकी सगळी अक्षरं वाढलेली, मग हेच पान मुंग्यांसारखं का? तिनं त्यावर बोट दाबून धरलं; मजकूर निवडला गेला, म्हणजे भाडेकरूच.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रोग्रामरला धरलं.

"त्या चौकटीला सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "फोनवर अक्षरं कितीही वाढवा, इथली वाढणार नाहीत."

"कुणाचं हे डोकं?"

त्यानं जुनी तक्रार उघडली. 'अक्षरं मोठी केल्यावर तक्ता फुटतो. त्वरित दुरुस्ती हवी.' तक्रार दोन वर्षांपूर्वीची, तिचीच; तक्ता फुटू नये म्हणून अक्षरांनाच कुलूप घातलं गेलं होतं. त्या तक्रारीसाठी साहेबांनी तिचं कौतुकही केलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

"कुलूप काढ," ती म्हणाली. "फुटू दे तक्ता."

संध्याकाळी तिनं बाबांच्या हातात फोन दिला. रकाने एकमेकांखाली घसरले होते.

"मांडणी गचाळ आहे," बाबा म्हणाले. "कुणी केली?"

"मी. आधीची सुबक होती, तीही माझ्यामुळेच."

बाबा ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचत होते.