बिलियसनेस मंजूर झालाच पाहिजे

गेल्या सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता माझ्या ताईवर आणि मोठ्या मामांवर अन्याय झाला. ताईचा रजेचा अर्ज मामांनी लिहिला होता. तिच्या नव्या साहेबांनी त्यावर ‘बहाना’ असा शेरा मारला आणि तिच्या सेवापुस्तकात तीन दिवसांची अनधिकृत गैरहजेरी नोंदवायला सांगितली. कारण काय, तर आजार ‘बिलियसनेस’!

मळमळीला मामांइतका मान देणारा माणूस अख्ख्या भोपाळात नाही. ताईच्याच कचेरीतून लघुलेखक म्हणून निवृत्त झाले, तरी जवाहर चौकातल्या घरी अजून लोकांचे अर्ज टाइप करतात, तेही आपल्या पहिल्या साहेबांच्या इंग्रजीत. ‘उलटी झाली’ हे त्यांच्या लेखी असभ्य. पित्त चढून तोंड कडू व्हावं, अन्नाचं नाव नकोसं व्हावं आणि सगळ्या जगाचाच राग यावा, तो बिलियसनेस. शब्द वाटण्याचे नियमही कडक. एका लग्नातल्या सोळा जिलब्यांनंतर मी तो मागायला गेले, तर जीभ बघून म्हणाले, “तुझं अजीर्ण आहे. बिलियसनेस लायकीनं मिळतो.”

ताईसाठी मी पत्रकच लिहायला बसले. मामांनी ते वाचून बाजूला ठेवलं. “कचेरी घोषणेला भीत नाही गं, जुन्या कागदाला भिते.” ट्रंकेतून त्यांनी कार्बन प्रती काढल्या आणि आम्ही तिघं साहेबांपुढे उभे राहिलो.

“चाचाजी, ये बीमारी आजकल किसी को नहीं होती.”

“होती है साहब, मंजूर भी होती है.”

मामांनी एकेक प्रत टेबलावर मांडली. त्याच खुर्चीवर बसलेल्या सहा साहेबांचे, मामांनीच टाइप केलेले रजेचे अर्ज! सहाही बिलियस, सहाही मंजूर.

“अब इन सबको भी गैरहाजिर लिख दीजिए.”

साहेबांनी स्वतःच्या पेनानं शेरा खोडला, सही केली. मी टेबलावर मूठच आपटली! मग साहेब हळूच म्हणाले, “चाचाजी, सुबह से मुझे भी कुछ ऐसा ही…”

मामांनी त्यांची जीभ बघितली. “नहीं साहब. अभी आप जूनियर हैं.”

घरी पेढे वाटले. वाटता वाटता ताई म्हणाली, “मामा, पुढच्या महिन्यापासून रजा मोबाइलवरच टाकायची. आजारांची यादी असते, बोट ठेवायचं फक्त.”

“यादीत आपला आहे?”

“नाही हो.”

मामांनी टाइपरायटरवर कापड घातलं आणि त्याच्या सुरकुत्या बराच वेळ सरळ करत राहिले.

तेव्हा सरळ सांगते: पोटात ढवळलं की त्या यादीतल्या ‘अन्य’वर बोट ठेवू नका. जवाहर चौकात या, मामांना जीभ दाखवा आणि लायक असाल तर अर्ज लिहून घ्या. मशीन चालू आहे तोवर या.