तेरा भाकरी

दोन माणसांच्या घरात मी वर्षाची म्हणून पाच क्विंटल ज्वारी भरली. दोन क्विंटल पुरून उरली असती. आखाडा बाळापूरच्या बाजारातून पोती घरी आली तेव्हा हमालानं विचारलंही, "गुरुजी, घरी लगीन हाय का?"

"हिशोब करून घेतली," मी म्हणालो. तीस वर्षं शाळेत सरासरी शिकवलेल्या माणसाचा आवाज असाच निघतो.

हिशोब मी मे महिन्यात केला होता. आमच्याकडं तव्यावरून उतरणाऱ्या भाकरी मोजत नाहीत. खाणाऱ्याला नजर लागते म्हणतात. एकदा मोजताना सापडलो, तर बायको उलथनं घेऊन अंगावर आली होती. म्हणून मी पेपर तोंडासमोर धरून ओसरीत बसायचो आणि परातीत थापण्याचा आवाज ऐकायचो. आवाज थांबला की एक भाकर झाली. जेवण उरकलं की आकडा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला. तीस दिवसांची बेरीज आली तीनशे नव्वद. भागिले तीस, म्हणजे रोजच्या तेरा भाकरी. किलोला दहा धरल्या, वर्षाच्या दिवसांनी गुणलं, पावणेपाच क्विंटल. वर थोडी आल्यागेल्याला.

आता त्या तीस दिवसांतले दहा दिवस पोरगा, सून, दोन्ही पोरी, जावई आणि नातवंडं घरी होती, एवढंच मी हिशोबात घेतलं नाही. त्या दहा दिवसांत रोज एकोणतीस भाकरी झाल्या. उरलेले वीस दिवस रोज पाच. तेरा भाकरींचा दिवस त्या महिन्यात एकही नव्हता. पण सरासरीची हीच तर गंमत असते. तिच्यात लेकरं वर्षभर, रोज थोडी थोडी घरी असतात.

पोळ्याच्या सुमारास ज्वारीत सोंडकिडे झाले. अंगणात ताडपत्रीवर ज्वारी वाळत घालून आम्ही दोघं पाखडत बसलो होतो, तेवढ्यात पोराचा फोन आला. दिवाळीला सुट्टी नाही. पोरींचंही यंदा जमत नाही म्हणे. मी म्हणालो, "काही हरकत नाही. काम आधी. आमचं काय, आम्ही मजेत आहोत." फोन ठेवला आणि सूप उलटं धरून पाखडायला लागलो.

बायको बघत होती. उठून आत गेली आणि ते कॅलेंडर घेऊन आली. तिला ते कधी सापडलं होतं, कोण जाणे.

"एवढं काहून मोजून राहिले होते?"

"वर्षाचा अंदाज काढत होतो. चुकलं जरा. सुट्टीचे दिवस वेगळे काढायचे राहिले."

ती आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. एकोणतिसांवर थोडं जास्त रेंगाळली. मला वाटलं, आता मोजल्याबद्दल शिव्या बसणार. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसते तेव्हा मी अजूनही ऐकतो. पाचवी होते, आवाज थांबतो, आणि मी उगाच सहावीची वाट बघतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

तिनं कॅलेंडर माझ्या मांडीवर टाकलं.

"गणित कशाचं चुकते तुमचं! लेकरायला 'या' म्हणायला तोंड उघडत न्हाई, अन् पाच क्विंटल ज्वारी भरून वाट पाहून राहिले. लावा फोन त्याला परत."