बुजवलेला तलाव

आमच्या बेथेल क्रॉसिंगला आपल्या चांगुलपणाचा भारी माज. इथे काळे-गोरे कायम गुण्यागोविंदाने राहिले, असं इथले गोरे दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर एकमेकांना सांगतात. जॉर्जियातलं दुसरं कुठलं गाव इतकं सराईत खोटं बोलत असेल, असं मला वाटत नाही. क्लीऑन बॅटलने ते खोटं छापून चव्हाट्यावर आणलं, म्हणून तो त्यांच्या डोळ्यांत खुपला.

क्लीऑन आमच्याच गल्लीतला, न्हाव्याचा मुलगा. तो शाळेत असताना कोर्टाचा हुकूम आला, गावचा पोहण्याचा तलाव काळ्यांनाही खुला करा. तेव्हाचे मेयर थोरले डनवे; क्लीऑनची आई त्यांच्याच घरी स्वयंपाकाला होती. त्यांनी तलावात सिमेंट ओतून तो बुजवूनच टाकला. आमची पोरं पाण्यात उतरण्यापेक्षा स्वतःची पोरं उन्हात करपलेली त्यांना चालली! आमची पोरं मग नदीवर जाऊ लागली. त्याच उन्हाळ्यात क्लीऑनचा धाकटा भाऊ टोबायस भोवऱ्यात सापडला. घरी आलं ते त्याचं प्रेत.

पुढे तो काळ्यांच्या कॉलेजात इतिहासाचा प्राध्यापक झाला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अशा बुजवलेल्या तलावांवर त्याने जाडजूड पुस्तक लिहिलं. आज काळ्या-गोऱ्यांच्या संबंधांवर कुणी काही लिहायला बसलं, की आधी त्याला वाचावं लागतं. गावच्या वाचनालयात मात्र त्या पुस्तकाला ‘जागा नव्हती’. कुत्री कशी पाळावीत, यावरच्या पुस्तकांनी दोन कपाटं भरली होती.

मग क्लीऑनला देशाचा मोठा सन्मान मिळाला आणि गावाला एकदम त्याचं प्रेम आलं. आता मेयर होते धाकटे डनवे, हॅस्केल. बुजवलेल्या तलावावर हिरवळ लावून त्यांनी बाग केली आणि तिला क्लीऑनचं नाव द्यायचं ठरवलं. समारंभाला लिंबू सरबत, बँड, सगळा थाट. पाटीवर लिहिलं होतं, ‘सलोख्याचा इतिहासकार’.

हॅस्केलनी क्लीऑनच्या खांद्यावर हात टाकला. “प्रोफेसर, झालं गेलं विसरू या, काय?”

“विसरायचा मला पगार नव्हता, साहेब,” क्लीऑन म्हणाला. “हिरवळीखाली काय आहे, ते लिहा पाटीवर. कुणी बुजवलं तेही लिहा.”

“अहो, आज आनंदाचा दिवस...”

“मग माझं नाव काढा.”

एवढं बोलून तो बहिणीचा, लोरीनचा, हात धरून चालू लागला. आम्हीही उठलो. बँडवाले बिचारे कुणासाठी वाजवावं या विचारात पडले.

नाव निघालं. महिन्याभरात बागेला थोरल्या डनवेंचं नाव लागलं! लाज नावाची चीज त्या घराण्यात कधी शिरलीच नव्हती.

गेल्या वर्षी क्लीऑन गेला. त्याचे विद्यार्थी कुठून कुठून आले. त्यातले कितीतरी आता स्वतः प्राध्यापक. चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. हॅस्केलनी पांढऱ्या फुलांचं भलंमोठं चक्र पाठवलं.

“कुठे ठेवू, लोरीनताई?” मी विचारलं.

“मागच्या दाराशी,” ती म्हणाली. “त्यांच्या घरी आईला तिथूनच आत घ्यायचे.”